बाळाच्या फुप्फुसाचं चित्र

गडचिरोलीच्या खेड्यांत 1988 च्या सुमारास डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना नीट मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी वापरून एक साधा श्वासमापक बनवला. मिनिटभरात श्वास एका ठरावीक आकड्याच्या वर गेले की न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं, एक्स-रेची वाट पाहायची नाही. या प्रयोगाने बालमृत्यू खरोखर घटले, हे 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60, वर्षाच्या आतल्याचे 50 आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे 40, हे आकडे आज आशाताईंपासून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पाठ असतात. ते पाठ असायलाच हवेत. आपल्याकडे धापणाऱ्या बहुतेक मुलांना जंतुसंसर्गच झालेला असतो.

हे पुस्तक त्या बहुतेकांबाहेरच्या मुलांविषयी आहे. अशा मुलाला अँटिबायोटिकचा कोर्स दिला जातो. ताप नसतोच, म्हणून तो उतरण्याचाही प्रश्न नसतो. श्वास मात्र तेवढेच राहतात. महिन्याभराने दुसरा कोर्स, मग नेब्युलायझर, मग ‘बालदमा’ म्हणून पंप. पुढे कुणीतरी टीबीचं औषध सुरू करतं. हृदयाचा इको होतो, तो ठीक येतो. वजन भरत नाही. दूध ओढताना बाळ मध्येच थांबतं, पोट उडत राहतं, बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातो, आणि झोपेत ऑक्सिजन नव्वदीच्या खाली उतरतो. ‘जन्मल्यापासून हा असाच श्वास घेतो,’ असं आई सांगते आणि ते वाक्य केसपेपरवर कुणी लिहून घेत नाही. माझ्या मते निदानातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच असतं.

माणसाच्या फुप्फुसात तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. वायुकोशातली हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्याची जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी असते. ऑक्सिजन याच पडद्यातून रक्तात जातो. हा पडदा आणि त्याच्या आजूबाजूची आधार देणारी ऊती जाड झाली, सुजली, तिच्यात नको त्या पेशी साठल्या किंवा ती मुळात नीट घडलीच नाही, तर त्या आजारांना मिळून इंटरस्टिशियल लंग डिसीज, म्हणजे आयएलडी, म्हणतात. लहान मुलांत असे दोनशेहून अधिक वेगवेगळे आजार येतात. प्रत्येक स्वतंत्रपणे अतिशय दुर्मीळ. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या एका सुरुवातीच्या पाहणीत दहा लाख मुलांमागे 3.6 मुलं असा अंदाज आला होता. डॉक्टरांनी ओळखलेली आणि कळवलेली मुलंच अशा पाहणीत मोजली जातात, म्हणून मी हा आकडा तळाचा मानतो. जिथे खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया, दमा किंवा टीबी या तीन खणांपैकी एकात बसवायची सवय आहे, तिथे चौथा खण रिकामाच दिसणार.

मोठ्या माणसांचं आयएलडी आणि मुलांचं आयएलडी यांत नावाखेरीज फारसं साम्य नाही, हे इथेच ठासून सांगतो, कारण या गोंधळाने कुटुंबं हवालदिल होतात. रिपोर्टवर ‘आयएलडी’ वाचून वडील रात्री फोनवर शोध घेतात आणि त्यांना सापडते ती साठी उलटलेल्या माणसांच्या फुप्फुसं आक्रसत नेणाऱ्या फायब्रोसिसची माहिती, तीन ते पाच वर्षांच्या आयुर्मानासकट. तो आजार मुलांना जवळजवळ होतच नाही. त्या आजारात सीटीवर फुप्फुसाच्या कडेला पोळ्यासारखी जी भोकं दिसतात, तीही मुलांत क्वचितच दिसतात. बाळाचं फुप्फुस ही अजून चालू असलेली घडण आहे: वायुकोश गर्भावस्थेच्या शेवटच्या आठवड्यांत तयार व्हायला लागतात आणि जन्मानंतर काही वर्षं वाढतच राहतात. त्यामुळे बाळांचे काही आजार घडण चुकल्याचे, काही घडण खुंटल्याचे आणि काही एका चुकलेल्या जनुकाचे असतात. 2007 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी दोन वर्षांखालच्या मुलांच्या बायोप्सी एकत्र करून जे वर्गीकरण मांडलं, त्यात ही गोष्ट पहिल्यांदा स्पष्ट झाली. तान्ह्या बाळांच्या आजारांना त्यांनी मोठ्यांच्या यादीतून बाहेर काढून स्वतःचं घर दिलं. 2013 च्या अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचना याच पायावर उभ्या आहेत. लक्षणं, तपासणीतल्या खुणा, रक्तातला कमी ऑक्सिजन आणि दोन्ही फुप्फुसांत पसरलेला बदल दाखवणारं चित्र, या चारांपैकी निदान तीन गोष्टी हव्यात. आणि जन्मजात हृदयविकार, सिस्टिक फायब्रोसिस, प्रतिकारशक्तीतला दोष, जंतुसंसर्ग, दूध श्वासनलिकेत जाणं ही नेहमीची कारणं आधी दूर झालेली हवीत.

त्या चारांतली चौथी गोष्ट हा या पुस्तकाचा विषय आहे.

सुरुवात एक्स-रेनेच होते आणि ते योग्य आहे. तो स्वस्त आहे, तालुक्याला मिळतो, किरणोत्सर्ग नगण्य असतो. हृदयाचा आकार, एकाच बाजूचा न्यूमोनिया, फुप्फुसाभोवतीचं पाणी, गिळलेली वस्तू, हे सगळं तो सांगतो. पण आयएलडीच्या बाबतीत एक्स-रे फसवा आहे. पुष्कळदा तो जवळजवळ स्वच्छ दिसतो किंवा फुप्फुसं थोडी जास्त फुगलेली दिसतात, एवढंच. मग रिपोर्ट येतो ‘छातीत थोडा कफ’, आणि पुन्हा तेच औषध. चांगला एक्स-रे आणि आजारी मूल यांचा मेळ बसत नसेल तर मुलावर विश्वास ठेवायचा, हा या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचा गाभा आहे.

पुढची पायरी सीटी स्कॅनची. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी बनवलेल्या यंत्राने पहिल्या रुग्णाचं चित्र 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात घेतलं, ते मेंदूचं होतं. त्या पहिल्या यंत्रांना एकेका चित्रासाठी काही मिनिटं लागत. हलणाऱ्या फुप्फुसाचा विचारही तेव्हा शक्य नव्हता. ऐंशीच्या दशकात मिलिमीटरभर जाडीचे पातळ छेद घेण्याचं तंत्र आलं आणि वायुकोशांच्या भिंतींतले बदल प्रथमच जिवंत माणसात दिसू लागले. मोठ्या माणसाला ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हटलं की काम होतं. सहा महिन्यांच्या बाळाला काय सांगणार?

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या क्षेत्रातल्या बहुसंख्य चुका आजार न ओळखण्याच्या नाहीत, चित्र चुकीच्या क्षणी घेतल्याच्या आहेत. निरोगी फुप्फुस श्वास सोडताना दाट होतं, सीटीवर राखाडी दिसतं. म्हणजे बाळ श्वास सोडत असताना घेतलेलं चित्र धड फुप्फुसालाही आजारी ठरवू शकतं. घासलेल्या काचेसारखी धूसरता हे आयएलडीचं महत्त्वाचं लक्षण, आणि नेमकी तीच खोटी उमटू शकते. बाळ हललं तर एकच रक्तवाहिनी दोनदा दिसते आणि ती रुंदावलेली श्वासनलिका वाटते. बाळाला झोपेचं औषध दिलं तर आणखी वेगळी अडचण: भुलीत काही मिनिटांतच फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मिटायला लागतो आणि मिटलेला भाग आजारासारखाच पांढरा दिसतो. मूल उताणं झोपवून घेतलेल्या चित्रात पाठीकडे जे दिसलं, ते पालथं झोपवल्यावर नाहीसं होतं का, एवढं पाहिलं तरी अनेक खोटी निदानं टळतात.

अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस इथे फ्रेडरिक लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी यावर एक सुंदर उपाय काढला. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर मास्क धरून काही मोठे श्वास द्यायचे. शरीरातला कार्बन डायऑक्साइड थोडा कमी झाला की बाळ काही सेकंद आपोआप श्वास घेत नाही. त्या विरामात मास्कमधून ठरावीक दाब ठेवून फुगलेल्या फुप्फुसाचं चित्र घ्यायचं, दाब सोडून रिकाम्या फुप्फुसाचं घ्यायचं. या जोडीला मी फार मानतो. भरलेल्या फुप्फुसात धूसर काय आहे ते कळतं आणि रिकाम्या फुप्फुसात जो भाग काळाच राहतो तिथे हवा अडकली आहे हे कळतं. दोन्ही माहिती एकाच चित्रातून मिळत नाही. भूलतज्ज्ञ, तंत्रज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट या तिघांनी मिळून आधी दोन मिनिटं बोलून घेतलं तर हे मोठ्या शहराबाहेरही जमतं. आता नवी वेगवान यंत्रं बाळाची छाती सेकंदाच्या आत टिपतात. तिथे बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, झोपेच्या औषधाशिवायच चित्र घेता येतं. आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी जुनी युक्ती आजही उपयोगी आहे: बाळाला एका कुशीवर झोपवून एक्स-रे काढायचा. खालच्या बाजूचं फुप्फुस दाबाने लहान व्हायला हवं. ते फुगलेलंच राहिलं तर हवा अडकली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे न्यूरोएंडोक्राइन सेल हायपरप्लेशिया या लांबलचक नावाच्या आजारात सगळ्यात स्पष्ट दिसतं. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘नेही’. पूर्ण दिवसांचं, धडधाकट जन्मलेलं बाळ पहिल्या वर्षात धापायला लागतं, ऑक्सिजन कमी पडतो, छातीत करकर ऐकू येते. त्याची बायोप्सी केली तर नेहमीच्या रंगद्रव्याखाली ऊती जवळपास निरोगी दिसते. बॉम्बेसिनचा खास रंग दिल्यावरच छोट्या श्वासनलिकांतल्या जास्तीच्या पेशी उठून दिसतात. सीटीवर मात्र त्याची ठेवण ओळखीची असते: उजव्या फुप्फुसाचा मधला खंड, डाव्या बाजूचा त्याच्या जोडीचा लिंग्युला, आणि हृदयालगतचा भाग इथे स्पष्ट कडांची धूसरता, बाकी फुप्फुसात अडकलेली हवा. 2010 मध्ये ॲलन ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अनुभवी रेडिओलॉजिस्टने ही ठेवण पाहून ‘नेही’ म्हटलं, तेव्हा एकदाही चूक झाली नाही. उलट खऱ्या रुग्णांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांत ही ठेवण पुरेशी स्पष्ट नसल्याने हुकली. अभ्यास छोटा होता, पण त्याचा परिणाम मोठा झाला. आज ठेवण नमुनेदार असेल आणि बाळाची हकीगत जुळत असेल तर बायोप्सी टाळता येते. म्हणजे चाळीस सेंटिमीटर परिघाच्या छातीवर चिरा पडत नाही. शिवाय या आजारावर स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. उपयोग होतो ऑक्सिजनचा आणि भरपूर पोषणाचा. बहुतेक मुलं काही वर्षांत सुधारत जातात. चांगल्या चित्राने निदान तर होतंच, पण महिनोन् महिने तोंड सुजवणारं आणि उंची खुंटवणारं औषधही थांबतं. एखाद्या आईला ‘घरी ऑक्सिजन ठेवू, हे पोर हळूहळू सुधारेल’ असं खात्रीने सांगता येणं, याहून मोठा उपयोग मला रेडिओलॉजीचा ठाऊक नाही.

वायुकोश मिटू न देणाऱ्या सर्फॅक्टंट या द्रव्याचे जनुकीय दोष हा दुसरा मोठा गट. अकाली जन्मलेल्या बाळांना सर्फॅक्टंट कमी पडतं हे 1959 मध्ये मेरी एलेन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. पूर्ण दिवसांच्या बाळातही ते जनुकातल्या चुकीमुळे बिघडलेलं असू शकतं, हे कळायला नव्वदचं दशक उजाडलं: 1993 मध्ये सर्फॅक्टंट प्रोटीन-बी, 2001 मध्ये प्रोटीन-सी, 2004 मध्ये एबीसीए-3. सीटीवर इथे धूसरता दोन्ही फुप्फुसभर पसरते आणि तिच्यावर जाड झालेल्या पडद्यांचं जाळं उमटतं, ज्याला क्रेझी पेव्हिंग म्हणतात. मूल मोठं होतं तशी धूसरता ओसरते, छोट्या पोकळ्या दिसू लागतात, छातीचं हाड आत जातं. तिन्ही जनुकांतले दोष चित्रावरून वेगळे करता येत नाहीत, त्यासाठी रक्ताची जनुकीय तपासणीच हवी. चित्राचं काम तिथवर पोहोचवणं. त्यात संकोच वाटायचं कारण नाही. अंधारात दोनशे नावांपैकी एक शोधण्यापेक्षा चार-पाच नावांपैकी एक शोधणं फार वेगळं असतं.

शाळकरी वयाच्या मुलांत चित्र बदलतं, आणि इथे महाराष्ट्रातल्या शहरांचा थेट संबंध येतो. 2025 मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. श्रद्धा, भूतदया आणि आरोग्य यांची ओढाताण सर्वांनी पाहिली. डॉक्टर ज्याविषयी बोलत होते तो आजार म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस: पक्ष्यांच्या पिसांतली आणि विष्ठेतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासातून जाऊन काही जणांच्या फुप्फुसाला सूज आणतात. सगळ्यांना हा आजार होत नाही, पण ज्या मुलाला होतो त्याला जिना चढताना धाप लागते, वजन उतरतं, सुका खोकला जात नाही. सीटीवर सर्वत्र विखुरलेले पुसट ठिपके, मधूनमधून धूसर आणि मधूनमधून काळे पडलेले भाग दिसतात. हे चित्र पाहिल्यावर रेडिओलॉजिस्टने रिपोर्ट लिहायला बसण्याआधी एक प्रश्न विचारावा: घरात, बाल्कनीत, एसीच्या खोक्यावर कबुतरं आहेत का? उत्तर ‘हो’ असेल तर पहिला उपचार जाळी आणि साफसफाई हाच आहे, आणि साफसफाई होत असताना मूल दुसऱ्या घरी. संपर्क सुरू ठेवून दिलेलं औषध वाया जातं.

टीबीविषयी आपल्या देशात वेगळं सांगायला नको. मिलिअरी टीबीचे बारीक, एकसारखे, बाजरीएवढे ठिपके आणि न्यूमोनायटिसचे पुसट ठिपके यांत एक्स-रेवर गल्लत होते, पातळ छेदांच्या सीटीवर सहसा होत नाही. ॲडेनोव्हायरसच्या मोठ्या न्यूमोनियानंतर लहान श्वासनलिका कायमच्या बुजल्या तर तेही आयएलडीसारखंच वाटतं. त्याचं वेगळेपण श्वास सोडलेल्या चित्रात कळतं. लँगरहॅन्स पेशींचा आजार, फुप्फुसातला वारंवार होणारा रक्तस्राव, सांधेदुखीच्या आजारातली फुप्फुसं यांची प्रकरणं पुढे आहेत. इथे नावं घेऊन सोडतो.

किरणोत्सर्गाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही मुलांचं नुकसान करतात. एक, ‘काही होत नाही, काढून टाका’. दुसरं, ‘लहान मुलाचा सीटी काढायचाच नाही’. मुलांच्या पेशी वेगाने वाढतात आणि त्यांच्यापुढे आयुष्य लांब असतं, म्हणून त्यांना धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. ब्रिटनमधल्या मुलांवरच्या 2012 च्या मोठ्या अभ्यासाने बालपणातल्या सीटीचा ल्युकेमिया आणि मेंदूच्या गाठींशी छोटा पण खरा संबंध दाखवला. त्याआधीच, 2008 मध्ये, ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली होती. तिचं म्हणणं साधं: यंत्राची मांडणी मुलाच्या आकाराप्रमाणे करा, एकदाच आणि हवा तेवढाच भाग टिपा. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. काळजीपूर्वक घेतलेला बाळाच्या छातीचा सीटी त्याहून कमी डोसमध्ये होऊ शकतो. तोच मोठ्या माणसाच्या सेटिंगवर घेतला तर कितीतरी पट जास्त होतो, आणि चित्र काही त्या पटीने चांगलं होत नाही. भारतात या यंत्रांवर नियंत्रण ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच, अणुशक्तीनगरात आहे. नियम आहेत. पण आठ किलोच्या बाळासाठी सेटिंग बदललं की नाही, हे त्या दिवशी कळफलकासमोर बसलेल्या तंत्रज्ञाच्या हातात असतं. म्हणून या पुस्तकातलं तंत्राचं प्रकरण डॉक्टरांइतकंच तंत्रज्ञांसाठी लिहिलं आहे. पुढे कधी एमआरआय हे काम करेल. हवेने भरलेल्या फुप्फुसातून संदेश क्षणार्धात विरतो, म्हणून ते अवघड आहे. तरी अतिजलद पद्धतींनी अलीकडे बरीच मजल मारली आहे. तोवर सीटीला पर्याय नाही, आणि म्हणूनच तो नीट काढण्याला पर्याय नाही.

पुस्तक मराठीत का, असं मला विचारलं गेलं. हे मूल पहिल्यांदा ज्या डॉक्टरकडे जातं तो तालुक्याच्या गावी असतो, त्याच्याशी आई मराठीत बोलते, आणि सीटी काढणारा तंत्रज्ञही मराठीतच विचार करतो. संदर्भग्रंथ इंग्रजीत भरपूर आहेत; ते या तिघांच्या संभाषणात येत नाहीत.

वाचकाने प्रकरणं क्रमाने वाचावीत असा आग्रह नाही. बालरोगतज्ज्ञांनी मात्र शेवटचं प्रकरण आधी वाचावं. त्यात सीटीच्या चिठ्ठीवर काय लिहावं ते आहे. ‘एचआरसीटी चेस्ट’ एवढ्या दोन शब्दांवर कुणी काय वाचणार? बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, धाप कधीपासून, ऑक्सिजन किती, कुटुंबात आधी एखादं मूल असंच गेलं का, घरी पक्षी आहेत का, या पाच ओळी लिहिल्या तर रिपोर्टाची किंमत दुप्पट होते. पालकांना फिल्मबरोबर सीडी मागून घ्यायला सांगा. एका फिल्मवर छापलेल्या वीस छोट्या चित्रांतून पातळ छेद वाचता येत नाहीत आणि त्यापायी मोठ्या शहरात तोच सीटी पुन्हा काढला जातो. जुने एक्स-रेही मागा, अगदी पहिल्या महिन्यातले सुद्धा. ते बहुतेक घरांत जपून ठेवलेले असतात. सहा महिन्यांपूर्वीच्या फिल्मवर हीच सावली याच जागी असेल तर तो नवा न्यूमोनिया नाही, आणि पाचवा अँटिबायोटिक लिहिण्याआधी हे कळलेलं बरं.